प्रकल्प नोंदी: करदोड्यात अडकवलेलं बोट

१२ जून २०२४

आज दोन्ही अंगणवाड्यांत पालकसभा झाली. भोर तालुक्यातली ही दोन गावं, एकापासून दुसऱ्याकडे चालत २० मिनिटं. पटावर एकीकडे १९ मुलं, दुसरीकडे १५. सगळी ३ ते ६ वर्षांची. सभेला बहुतेक आयाच होत्या. मी प्रकल्पाचं लांबलचक नाव सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं की मोकळ्या वेळात मुलं कशी आणि कुणाबरोबर खेळतात ते आम्ही कोपऱ्यात बसून लिहिणार. प्रश्न विचारणार नाही, परीक्षा घेणार नाही, व्हिडिओ काढणार नाही. एका आजीनं लगेच विचारलं, "मग आमचं पोरगं हुशार हाय का ढ, ते सांगणार का?" नाही सांगणार, म्हटलं. कुणाचा नंबर लावायचा नाही, हे तीनदा सांगावं लागलं आणि सांगितलं ते बरंच झालं.

संमतीपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा दिला, साक्षीला सेविकाताईंची सही घेतली. एका आईनं नको म्हटलं. कारण विचारलं नाही. म्हणजे ३३ मुलं राहिली. ते चौतिसावं मूल खोलीत असेलच, इतरांशी खेळेलच. त्याच्याबद्दल आमच्या कागदावर "दुसरं मूल" यापलीकडे एक अक्षर येणार नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी संमती घ्यायला सांगितली आहे. त्याहून लहानांसाठी पालकांची पुरते. आम्ही आमच्यापुरता एक नियम जास्तीचा केला: मुलानं तोंड फिरवलं, लपलं किंवा "नको लिवू" म्हटलं, की त्या दिवशी त्याचं निरीक्षण थांबवायचं.

१८ जून

चौथा दिवस नुसता बसण्यात गेला. कागद आहे, पेन्सिल आहे, कानात इअरफोन आहे, नोंद मात्र एकही नाही. हे आठ दिवस मुलांना आमची सवय व्हावी म्हणून राखून ठेवलेत. पहिल्या दिवशी सगळा घोळका माझ्याभोवती होता: "काय लिवताय वो? माझं बी नाव लिवा की." एकीनं माझ्या ओढणीचा काठ हातात धरला तो जेवणाच्या वेळेपर्यंत सोडला नाही. मी हसते, उत्तर देते, पण खेळ सुरू करून देत नाही. आज पहिल्यांदा अर्धा तास कुणी माझ्याकडे फिरकलं नाही.

मोठ्यांनी बाहुलीला मारलेलं बघून मुलंही तसंच करतात का, हे बघणारा मानसशास्त्रज्ञ बांडुराचा प्रयोग (१९६१ मध्ये प्रसिद्ध) स्टॅनफर्डच्या बालशाळेत झाला तेव्हा निरीक्षक एकतर्फी आरशामागे बसले होते. प्रत्येक मुलाची २० मिनिटं ५-५ सेकंदांत चिरली होती, म्हणजे एका मुलामागे २४० नोंदी. आमच्याकडे आरसा नाही. पोषण आहाराच्या पोत्यांशेजारची एक चटई आहे. त्यामुळे मुलांना मी दिसणारच. तेव्हा मी इतकी रोजची व्हायला हवी की माझ्याकडे बघण्यासारखं काही उरू नये.

२४ जून

कोडबुक, म्हणजे कोणत्या वागण्याला कोणता शब्द (कोड) लिहायचा त्याची यादी, आज पक्कं केलं. पाया जुनाच घेतला आहे. मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेत एकेका मुलाकडे एक-एक मिनिट बघून मुलांचा सामाजिक सहभाग सहा वर्गांत मांडला. तो लेख १९३२ चा. आमचे मराठी शब्द असे ठरले: रिकामं, एकटं, बघणारं, शेजारी-शेजारी, मिळून, सहकार्यानं. "शेजारी-शेजारी" म्हणजे दोघं एकाच प्रकारच्या वस्तू घेऊन जवळजवळ बसलेत, पण आपापलं खेळताहेत. "मिळून" म्हणजे देवाणघेवाण आहे, बोलणं आहे, पण कामाची वाटणी नाही. "सहकार्यानं" म्हणजे एक आई झाली, एक दुकानदार, तिसरा गिऱ्हाईक, आणि खेळ पुढं नेण्यासाठी तिघांचीही गरज आहे.

यात सातवा कोड आम्ही घातला: "ताईंच्या सांगण्यावरून". अंगणवाडीत बराच वेळ मुलं ओळीत बसून गाणी म्हणतात. त्याला "शेजारी-शेजारी" म्हटलं तर ओळीत बसवलेलं प्रत्येक मूल समांतर खेळतंय असं दिसेल.

"रिकामं" हा शब्द मला लिहितानाच खटकला. पार्टेनच्या व्याख्येत ते मूल खेळत नसतं, क्षणभर लक्ष वेधून घेईल त्याकडे बघतं, नाहीतर स्वतःच्या हातापायांशी चाळा करतं, एका जागी बसून इकडेतिकडे नजर टाकतं. आपल्या घरांत "रिकामं बसलंय" ही बोलणी असतात, वर्णन नसतं. पण दुसरा नेटका शब्द सापडेना, म्हणून ठेवला.

पद्धत अशी: चिठ्ठी काढून मुलांचा क्रम लावायचा. एका वेळी एकाच मुलाकडे ५ मिनिटं बघायचं. इअरफोनमध्ये टिक वाजली की १० सेकंद बघायचं, पुन्हा वाजली की १० सेकंदांत लिहायचं. म्हणजे मिनिटाला ३ आणि एका बैठकीला १५ नोंदी. प्रत्येक मुलाच्या वेगवेगळ्या दिवशी १२ बैठका. सहकाऱ्यानं विचारलं, एवढं काटेकोर कशाला, जे महत्त्वाचं दिसेल ते लिहू की. त्याला जीन आल्टमन यांचा १९७४ चा लेख वाचायला दिला. त्या केनियातल्या आंबोसेलीतल्या बबून माकडांच्या अभ्यासक, पण लेखातला मुद्दा आमच्या चटईवरही तितकाच खरा आहे: "दिसेल ते" लिहिणारा माणूस भांडणं, रडणं, आरडाओरडा लिहितो, आणि गप्प बसलेलं मूल त्याच्या वहीत येतच नाही. मला याच मुलांसाठी हा प्रकल्प करायचा आहे. चिठ्ठीत नाव निघालं की त्या ५ मिनिटांपुरतं तेच मूल महत्त्वाचं.

१ जुलै

सरावाचे दोन दिवस. आमच्या मार्गदर्शक मॅडमच्या जुन्या प्रकल्पातल्या क्लिप, ज्यांच्या पालकांनी प्रशिक्षणासाठी वापरायला परवानगी दिली होती त्याच, आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून कोड केल्या. २०० नोंदी. "मारामारी" या जादा कोडवर आमचं १९० ठिकाणी जुळलं. ९५ टक्के! सहकारी खूश झाला, मीही झाले असते. मॅडमनी फळ्यावर आकडे मांडायला लावले.

दोघांनीही "मारामारी आहे" म्हटलं अशा नोंदी ४. फक्त मी म्हटलं त्या ५, फक्त त्यानं म्हटलं त्या ५. दोघांनी "नाही" म्हटलं त्या १८६. मारामारी मुळातच दुर्मीळ, त्यामुळे दोघं डोळे मिटून "नाही, नाही" करत बसलो असतो तरी बरंचसं जुळलंच असतं. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला "कप्पा" (kappa) नावाचा निर्देशांक हाच योगायोगाचा वाटा वजा करतो. आमचा योगायोगानं जुळण्याचा वाटा ०.९१४ निघाला. म्हणजे ०.९५ वजा ०.९१४, भागिले १ वजा ०.९१४. उत्तर ०.४२. सरळ भाषेत: ज्या १४ ठिकाणी कुणा ना कुणाला मारामारी दिसली, त्यातल्या ४ ठिकाणीच दोघांना दिसली. ९५ टक्क्यांमागे हे लपलं होतं.

आमचं न जुळलेली ती १० ठिकाणं पुन्हा लावून बघितली. त्यातल्या ७ ठिकाणी मुलं हसत होती. त्यावर वेगळी नोंद करीन.

९ जुलै

पाऊस धरला आणि लावणी सुरू झाली. सकाळी येताना दोन्ही बाजूंच्या खाचरांत इरली आणि प्लास्टिकची खोळ घेतलेल्या बायका ओळीनं वाकलेल्या. आया पहाटेच आवणावर जातात, त्यामुळे मुलांना अंगणवाडीत सोडायला आजी, नाहीतर शाळेत जाणारं मोठं भावंड येतं. आणि काही मुलांबरोबर पटावर नसलेली तान्ही येतात. सेविकाताई म्हणाल्या, "मॅडम, नियमात बसत नाही, कळतंय मला. पण बांधावर पावसात ठेवायचं का त्याला?" मी म्हटलं, ताई, मला काही स्पष्टीकरण देऊ नका.

आज चिठ्ठीत मूल १४ निघालं. पाच वर्षांची मुलगी. जूनमध्ये तिच्या दोन बैठका झाल्या होत्या. भातुकलीत ती नेहमी चूल मांडणारी, भांडी वाटून देणारी. आज ती उंबऱ्याशी बसली होती, मांडीत साधारण वर्षाचा भाऊ. समोर चार हातांवर भातुकली रंगली होती.

माझा कागद असा: रिकामं, रिकामं, बघणारं, रिकामं, रिकामं, रिकामं, बघणारं, रिकामं, रिकामं, बघणारं, रिकामं, रिकामं, बघणारं, रिकामं, रिकामं. १५ पैकी ११ रिकामं. व्याख्येप्रमाणे अगदी बरोबर.

पाच मिनिटं संपल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि तशीच बघत राहिले, तेव्हा दिसलं. तिचं उजव्या हाताचं बोट भावाच्या काळ्या करदोड्यात अडकवलेलं होतं. तो पुढं झेपावला की बोटावर ताण यायचा, ती न बघताच त्याला मागे ओढायची. दाराबाहेर पायरी, पायरीखाली पाणी. त्याच्या तोंडातून भाकरीचा तुकडा पडला, तिनं तो उचलून स्वतःच्या फ्रॉकला पुसला आणि परत दिला. नजर भातुकलीवरच. पाचही मिनिटं ते बोट तिथंच असणार. माझ्या कागदावर मात्र ती पाच मिनिटं रिकामी होती.

११ जुलै

या आठवड्यात अशी पाच मुलं दिसली. चार मुली, एक मुलगा. पाचांचंही "रिकामं" जूनपेक्षा वाढलेलं.

सहकाऱ्याशी आज बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, कोडबुक मध्येच बदललं तर जून आणि जुलैची तुलना करता येणार नाही, आणि निरीक्षकाला कळवळा आला म्हणून व्याख्या बदलत नाहीत. त्याचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. दुसरा नाही. कळवळा आला म्हणून मी बदल मागत नाहीये. ते मूल काहीतरी करत होतं, ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं आणि आमच्या आठही कोडांत त्याला जागा नव्हती, म्हणून मागतेय. हा मोजमापातला दोष आहे. आणि हा दोष सगळ्या मुलांना सारखा लागत नाही, हे जास्त गंभीर. ज्या घरात आई मजुरीला जाते, तान्हं आहे आणि सांभाळायला म्हातारं माणूस नाही, त्याच घरातलं मूल आमच्या तक्त्यात मागे पडलेलं दिसणार. मग कुणीतरी त्यावरून लिहिणार की गरीब घरातली मुलं सामाजिक खेळात कमी पडतात. असं वाक्य माझ्या कागदावरून निघालं तर ते मला सहन होणार नाही.

रात्री मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "व्हाइटिंग दांपत्य वाच, मग बोलू."

१६ जुलै

वाचलं. बिअट्रिस आणि जॉन व्हाइटिंग यांच्या सहा संस्कृतींच्या अभ्यासात केनिया, मेक्सिको, फिलिपिन्स, ओकिनावा, अमेरिका आणि भारत इथल्या वस्त्यांमध्ये ३ ते ११ वर्षांच्या १३४ मुलांची पाच-पाच मिनिटांची निरीक्षणं घेतली होती. क्षेत्रकाम १९५० च्या दशकातलं, मुलांवरचं पुस्तक १९७५ चं. भारतातलं गाव उत्तर प्रदेशातलं. त्याला त्यांनी खालापूर नाव दिलंय. (आपलं रायगडमधलं खालापूर वेगळं.)

माझं लक्ष त्यांच्या कोडांच्या यादीनं वेधून घेतलं. मदत देऊ करणं, आधार देणं, आणि जबाबदारीनं सुचवणं, म्हणजे "तिकडं जाऊ नको, पडशील" या धर्तीचं, हे त्यांच्याकडे स्वतंत्र कोड आहेत. कारण ते ज्या मुलांकडे बघत होते त्यांच्या कडेवर भावंडं होती. ज्या वस्त्यांत आयांवर शेताचा भार होता आणि मुलांवर तान्ह्यांची जबाबदारी होती, तिथल्या मुलांमध्ये हे जपणुकीचं वागणं जास्त दिसलं; न्यू इंग्लंडमधल्या अमेरिकन वस्तीतल्या मुलांमध्ये स्वतःकडे लक्ष वेधून घेणं आणि मदत मागणं जास्त. पार्टेनच्या बालशाळेत मुलं आपापली यायची, कडेवर कुणी नसायचं. त्यांनी जे समोर होतं त्याचे वर्ग केले. चूक माझी, मी ते वर्ग जसेच्या तसे उचलून भाताच्या मुलखात आणले.

आणि हे कळायला इतक्या लांब जायचीही गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर वाढलं. आदिवासी पाड्यांवरची मोठी भावंडं शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्याकडे धाकटी सांभाळायला असतात, हे त्यांनी बघितलं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी उभी केली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जे काम करतंय ते आधी बघितलं आणि त्याप्रमाणे शाळा बेतली. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. मी ज्या चटईवर बसते ती त्यांच्याच कामाच्या वाटेवरची आहे.

१९ जुलै

नवा कोड: "राखण". हा शब्द सेविकाताईंचा. मी "भावंडसंगोपन" लिहून नेलं होतं. त्या म्हणाल्या, "आम्ही म्हणतो, पोर राखणीला बसलंय."

नियमात "प्रेमानं", "काळजीनं" असले शब्द नकोत. ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून असं लिहिलं: लहान मूल हाताच्या अंतरावर आहे, आणि गेल्या तीन टिकांच्या आत पुढीलपैकी काहीही घडलंय: धरणं, अडवणं, उचलणं, भरवणं, पुसणं, थोपटणं, हाक मारून थांबवणं, किंवा खेळातून मान वळवून त्याच्याकडे बघणं. तीन टिका, कारण राखणारं मूल सतत बघत नाही, अधूनमधून बघतं. आधी एकाच टिकेचा नियम करून पाहिला तर अर्धी राखण हातातून निसटत होती.

जूनच्या नोंदींना हात लावायचा नाही. आठवणीतून कोड बदलणं म्हणजे नवी माहिती रचणं. ९ ते १८ जुलैच्या बैठकाही आहेत तशा ठेवून, "जुनं कोडबुक" असा शिक्का मारून बाजूला केल्या. मूल १४ च्या त्या ११ "रिकामं" नोंदीही तशाच राहतील.

२४ जुलै

तीन दिवसांत चूक उघडी पडली. "राखण" मी नववा कोड म्हणून यादीत घातला होता, आणि एका वेळी एकच कोड हा नियम. आज मूल १४ भातुकलीत बसली होती, भाऊ पाठीला टेकलेला. ती मिरचीच्या रोपाची पानं तोडून "भाजी" करत होती, दुसरीला म्हणत होती, "तू पाणी आन, मी फोडणी देते." हे सहकार्यानं. त्याच वेळी डावा हात मागे, करदोड्यावर. मी काय लिहू? राखण लिहिलं तर खेळ पुसला जातो, सहकार्यानं लिहिलं तर राखण.

म्हणजे राखण हा खेळाच्या वर्गांचा भाऊबंद नाहीच. ती वेगळी मिती आहे. कागदावर दुसरा रकाना आखला: पहिल्यात खेळाचा सहभाग, दुसऱ्यात राखण आहे किंवा नाही. दर टिकेला दोन्ही भरायचे. दहा सेकंदांत दोन खुणा होतात, अडचण येत नाही. सहकाऱ्यालाही हे पटलं. तो म्हणाला, असं असेल तर जूनची तुलना पहिल्या रकान्यावर तरी करता येईल. त्याचा पहिल्या दिवसापासूनचा आक्षेप यात मिटला.

५ ऑगस्ट

हसत मारणं. सरावातल्या त्या ७ जागांचा प्रश्न रोज समोर येतो, विशेषतः पावसानं मुलं आत कोंडली की. निकोलस ब्लर्टन जोन्स यांनी १९६० च्या दशकात बालशाळेतल्या मुलांकडे प्राणी-निरीक्षकाच्या शिस्तीनं बघितलं आणि दंगामस्तीचा खेळ खऱ्या भांडणापासून वेगळा काढला. व्हाइटिंगांच्या यादीतही मैत्रीतला मारा आणि खरा मारा हे दोन वेगळे कोड आहेत. आमच्या खुणा आता अशा: तोंड उघडं आणि हसरं की ओठ दाबलेले आणि कपाळाला आठ्या, हात उघडा की मूठ, पाळी बदलते का, म्हणजे खाली पडलेला वर येतो का, आणि संपल्यावर दोघं एकत्र राहतात की पांगतात. ही शेवटची खूण सगळ्यात खात्रीची, पण ती दहा सेकंद संपल्यावर कळते. म्हणून कोड लगेच लिहायचा, शंका असेल तर बाजूला टिंब द्यायचं आणि पुढच्या टिकेला पक्कं करायचं. हसत चालणाऱ्या या दंगामस्तीला आम्ही "झोंबाझोंबी" म्हणतो. दोघांचं आता बरंच जुळतं.

१३ ऑगस्ट

आज बैठक मध्येच सोडली. मूल २२ चिंचोके मोजत होता, एकटाच. चौथ्या मिनिटाला त्यानं एक चिंचोका नाकपुडीशी नेला. मी टिकेची वाट बघितली नाही. चटईवरून उठले, हात धरला, चिंचोका काढून घेतला, मदतनीस मावशींना हाक मारली. तो रडला. त्या बैठकीच्या कागदावर "निरीक्षकाचा हस्तक्षेप, बाद" असं लिहिलं.

संध्याकाळी सहकाऱ्यानं विचारलं, कुठवर थांबायचं हे ठरवून घेऊ या का. ठरवलं: इजा होण्यासारखं काही दिसलं की उठायचं, त्यावर चर्चा नाही. रडणं, भांडण, खेळणं हिसकावणं यात आधी सेविकाताईंकडे बघायचं, उठायचं नाही. वाया गेलेली बैठक नंतर पुन्हा घेता येते.

२९ ऑगस्ट

आठवड्यातून एक दिवस आम्ही दोघं एकाच अंगणवाडीत बसून एकाच मुलाचे कोड वेगवेगळे लिहितो. आठवड्यांचे आकडे एकाखाली एक मांडले तर "शेजारी-शेजारी" आणि "मिळून" यांवरचं आमचं जुळणं घसरताना दिसलं. दोघं थकलो म्हणून नाही. माझी व्याख्या हळूहळू सरकली होती: मुलांची नजरानजर झाली की मी "मिळून" लिहायला लागले होते. मुलं ओळखीची झाली, कोणाचं कोणाशी जमतं ते माहीत झालं, आणि जे माहीत आहे ते मला दिसायला लागलं. दोन दिवस नोंदी थांबवून सरावाच्या क्लिप पुन्हा पहिल्यापासून केल्या. नियम पुन्हा जोरानं वाचला: देवाणघेवाण किंवा एकमेकांना उद्देशून बोलणं असेल तरच "मिळून". गेल्या दोन आठवड्यांतल्या माझ्या बैठका वेगळ्या रंगात खूण करून ठेवल्यात. विश्लेषणात त्या घेऊन आणि वगळून, दोन्ही प्रकारे बघायचं.

२७ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर मुलं आरत्यांचा खेळ खेळताहेत. ताटली, पळी, आणि गणपती म्हणून बसवलेलं सगळ्यात धाकटं पोर.

आज मूल ३१. चार वर्षांचा मुलगा, फारसा बोलत नाही. भिंतीला टेकून बसला, हातात पाटी. इतरांकडे बघायचा, मान खाली घालून पाटीवर एक रेघ मारायचा, पुन्हा बघायचा. व्याख्येनुसार "बघणारं". मी दोन टिका तसंच लिहिलं. मग लक्षात आलं की त्यानं कानात काहीतरी खोचलंय. दोऱ्याचा तुकडा, टोक खिशात. तो मला खेळत होता. रेघांमधलं अंतरही टिकेसारखं सारखं.

नाटकी खेळ, एकटं. पहिल्या दोन टिकांवर टिंब दिलं आणि पक्कं केलं. बैठक संपल्यावर तो पाटी घेऊन माझ्याकडे आला आणि दाखवून परत गेला, एक शब्द बोलला नाही. अठरा रेघा होत्या.

२२ ऑक्टोबर

बैठका संपल्या. आता आकड्यांचं काम. नुसती टक्केवारी काढली तर कोणत्या वागण्यानंतर कोणतं आलं ते हरवतं, म्हणून आधी क्रम बघतोय. बेकमन आणि ब्राउनली यांनी १९८० मध्ये याच मार्गानं दाखवलं होतं की शेजारी-शेजारी खेळणं हा पुष्कळदा खेळात शिरायचा पूल असतो: मूल आधी जवळ जाऊन तेच करायला लागतं, मग हळूच आत येतं. आमच्या नोंदींतही हा पूल आहे. राखणीला असलेल्या पाच मुलांचे कागद वेगळे काढले तर त्यांचा पूल जरा निराळा दिसतो. ती तान्ह्याला घेऊन खेळाच्या कडेला सरकतात, तान्ह्याच्या हातात खेळातली एखादी वस्तू देतात, आणि तान्हं "बाळ" म्हणून भातुकलीत शिरलं की पाठोपाठ स्वतः शिरतात. मूल १४ च्या चार बैठकांत हे घडलंय. पाच मुलांवरून मी कोणताही सिद्धांत मांडणार नाही. पण दुसरा रकाना नसता तर हे दिसलंच नसतं, एवढं अहवालात स्पष्ट लिहीन.

२६ नोव्हेंबर

दोन्ही गावांत आज जे आढळलं ते सांगून आले. भात निघालंय, झोडणी चालू आहे, तरी बऱ्याच आया आल्या. नंबर नाहीत, नावं नाहीत. पावसाळ्यात मुलं काय काय करतात एवढंच सांगितलं. राखणीचं सांगताना कुणाचं मूल ते कळू नये म्हणून खेळ बदलून सांगितला. सेविकाताईंनी लावणीच्या दोन महिन्यांपुरतं तान्ह्यांसाठी कोपऱ्यात काही करता येईल का, असं स्वतःहून विचारलं. मावशी म्हणाल्या, एक झोळी तर मीच बांधते. मी अहवालात त्यासाठी वेगळं पान ठेवलंय, मॅडम ते बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे देणार आहेत.

निघताना थोडा वेळ चटईवर बसले. कागद नव्हता. मूल १४ चा भाऊ आता धावतो. ती चूल मांडत होती, तो तीन-चार हातांवर मातीत. करदोडा धरायला आता तो तिच्या हाताला लागत नाही. तो पायरीकडे वळला. तिनं चुलीवरची नजर न काढता हाक मारली, "ए, हिकडं." तो वळून आला आणि तिनं त्याच्या हातात करवंटी दिली.

दारात एक आई भेटली. म्हणाली, "मॅडम, आमची पोरगी काय करत हुती मग तुमच्या कागदावर?" मी सांगितलं, दोन कामं एकदम करत होती. ती म्हणाली, "व्हय, ती तशीच हाय," आणि पोरीच्या केसांतला भुसा काढायला लागली.